काय रे, का?

आमच्या घरात एक काळ असा होता की कोणी कोणाला नावाने हाक मारत नसे. बाबा संध्याकाळी ऑफिसातून आले की दारात बूट काढता काढता चालीवर म्हणायचे, “काय रे, का?” मी टेबलावरून आणि आई ओट्यापाशी उभ्या उभ्या त्याच चालीवर तेच त्यांना परत करायचो. फोन उचलला तरी तेच, न्हाणीघराचं दार वाजवलं तरी तेच, कोणाचा रुसवा काढायचा असला तरी तेच. आईलाही ते आवडायचं, पण कुरकुर केल्याशिवाय तिला कुठलीच गोष्ट गोड लागत नसे. ती म्हणायची, “घरात दोन बायका आणि हा ‘रे’ कोण? ‘काय गं’ म्हणायला जीभ झिजते का?” बाबा म्हणायचे, “गाणं पुल्लिंगी आहे, त्याला मी काय करू?” आणि बूट रॅकवर ठेवून हात धुवायला जायचे.

ते गाणं जपानी होतं. हे सांगितलं की लोक माझ्याकडे ‘आता ही फेकतेय’ अशा नजरेने बघतात. बघोत बापडे. आम्ही राहत होतो बर दुबईत, मीना बाजारच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. खाली साड्यांचं दुकान, शेजारी शिंप्याचं, समोर घड्याळं दुरुस्त करणारा. खिडकी उघडली की धूप, तळण आणि नव्या कापडाची खळ असा मिळून एक वास यायचा, आणि वाऱ्याची दिशा बरोबर असली की खाडीवरच्या अब्रांची, म्हणजे माणसं पार नेणाऱ्या होड्यांची, फटफट ऐकू यायची. देवळाची गल्ली चालत पाच मिनिटांवर होती. आई फुलपुडी आणायला जायची आणि तिथून गावभरच्या बातम्या घेऊन यायची. अशा ठिकाणी जपानी गाणं शिरलं ते मोरी साहेबांमुळे.

बाबा ड्राफ्ट्समन होते. एका जपानी कंपनीत एसीच्या डक्टची ड्रॉइंग्ज करायचे. कंपनीचं वर्कशॉप होतं दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, आणि त्या वर्कशॉपचे साहेब होते मोरी-सान. पन्नाशीचे, बारीक, शर्टाच्या खिशाला नेहमी तीन पेनं. ते आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहत आणि त्यांना गाडी चालवायचं लायसन्स मिळत नव्हतं. चार वेळा परीक्षेत नापास झाले होते. पाचव्यांदा गेले तेव्हा परीक्षकानेच उठून त्यांना खुर्ची दिली म्हणे. त्यामुळे रोज सकाळी बाबांनी त्यांना आपल्या जुन्या पांढऱ्या गाडीतून न्यायचं आणि संध्याकाळी आणून सोडायचं असं ठरून गेलं होतं. त्यांच्या नावाने मात्र आमची पंचाईत केली. मोरी म्हणजे जपानीत जंगल, असं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. आमच्याकडे मोरी म्हणजे काय ते सगळ्यांनाच ठाऊक. आईने ते नाव एकदाही हसल्याशिवाय उच्चारलं नाही, म्हणून ती त्यांना नुसतं ‘साहेब’ म्हणायची. आणि वर्कशॉपमधला दत्ताराम, साहेब गप्प गप्प असले की बाबांना हळूच सांगायचा, “सायब, आज मोरी तुंबलीय.”

मोरी-सानांनी एके दिवशी गाडीत आपली एक कॅसेट लावली आणि ती डेकमध्ये अडकली ती कायमचीच. बटण दाबलं की वाजायची, पण बाहेर काही येईना. बाबांनी सुरी घातली, दत्तारामने पक्कड घातली, शेवटी दोघांनी नाद सोडला. तिच्यात आठ गाणी होती, आणि पुढची काही वर्षं आम्ही ज्याला गाडीतली गाणी म्हणायचो ती हीच आठ. तिघं जण होते. दोन गिटारी, एक ते मोठं उभं तंतुवाद्य, आणि तिघांचे साधे, घरगुती वाटावेत असे गळे. मोरी-सान कॉलेजात असताना हे गाणारे तिघं जपानात फार गाजले होते. एकदा ते कॉलेजच्याच हॉलमध्ये आले तेव्हा मोरी-सान मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले होते आणि दुसऱ्या दिवशी एक वेळचं जेवण सोडून सोडून गिटार घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. गिटार घेतली, वाजवायला काही आली नाही. बाबांना ती गाणी आवडण्याचं कारण वेगळं होतं. ते म्हणायचे, “बघ, तिघं गातायत, पण कोणी कोणाच्या वर जात नाही. आमच्या मीटिंगांमध्ये असं असतं तर?” 

मग बाबांनी शंभर पानी वही घेतली आणि ती गाणी देवनागरीत उतरवायला सुरुवात केली. अर्थ कळायचा नाही, पण कानाला जे येईल ते ड्राफ्ट्समनच्या टपोऱ्या अक्षरात, पेन्सिलने, पट्टी धरल्यासारख्या ओळीत. चुकलं तर खोडरबर लावायचे नाहीत. ड्रॉइंगमध्ये एकदा काढलेली गोष्ट बदलली की तिथे छोटा त्रिकोण काढून आत आकडा टाकतात, पहिला बदल, दुसरा बदल, म्हणजे कोणी कधी काय बदललं ते कायम दिसतं. बाबा गाण्यांनाही त्रिकोण टाकायचे. मोरी-सान शेजारी बसून उच्चार सुधारायचे आणि अधूनमधून एखाद्या शब्दाचा अर्थ सांगायचे, आणि तेव्हापासून बाबांच्या डोक्यात एक सिद्धांत शिरला. जपानीत ‘कसा’ म्हणजे छत्री. ‘असा’ म्हणजे सकाळ. ‘नका’ म्हणजे आत. आणि प्रश्न विचारायचा असला की वाक्याच्या शेवटी ‘का’ लावतात, अगदी आपल्यासारखा. “येता का, जाता का! सेम टू सेम!” बाबा ताटावरून उठून सांगायचे. “ही आपली चुलत भाषा आहे. कुठेतरी लिंक आहे.” आई वाढता वाढता म्हणायची, “लिंक आहे तर त्यांना म्हणावं छत्रीला छत्रीच म्हणा. उगाच सासरच्या माणसांसारखं वेगळं कशाला.”

त्यातलं पाचवं गाणं म्हणजे आमचं. ते संथ होतं, आधी एकटा गळा, मग दुसरा, आणि कडव्याच्या शेवटी तिघं मिळून दोनच शब्द म्हणायचे, फार हळू, शेवटचा स्वर वर उचलून. बाबांच्या वहीत ते ‘काएरो का’ असं होतं. आमच्या कानांना ते ‘काय रे, का?’ ऐकू आलं, आणि एकदा तसं ऐकू आल्यावर दुसरं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. कोणीतरी कोणाला तरी विचारतंय, काय रे, का? काय झालं? कशाला? पुरेसं होतं की तेवढं.

शुक्रवारी सकाळी बाबा दाढी करताना आठही गाणी ओळीने म्हणायचे आणि आठवं संपेपर्यंत दत्ताराम येऊन पोचायचा. दत्ताराम गुहागरकडचा. वर्कशॉपमध्ये पत्र्याचे डक्ट वाकवायचं काम करायचा, राहायचा तिथल्याच कॅम्पात, एका खोलीत आठ जण. वयाने बाबांच्याच बरोबरीचा, पण बाबांना सायब आणि आईला वैनी म्हणायचा. येताना कधी देऱ्याच्या बाजारातून बांगडे आणायचा, कधी सुरमईचा तुकडा, आणि आई ते निवडत असताना स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसून गावच्या गोष्टी सांगायचा. त्याची बायको उन्हाळ्यात आमसुलं पाठवायची, ती थेट आमच्या बरणीत यायची. जेवताना कोणी फार बोललं तर दत्तारामचा हात भातात तसाच थांबायचा. मासे असताना बोलणं त्याला पाप वाटायचं. जेवण झालं की मात्र तोच आधी सुरू करायचा, “काय रेऽऽ, का!” त्याचा ‘का’ भजनातल्यासारखा खालच्या गल्लीत ऐकू जायचा, आणि समोरचा घड्याळवाला मान वर करून हात हलवायचा.

मग मंदी आली. मी तेव्हा नववीत होते आणि मंदी म्हणजे मोठ्यांचा विषय, असं समजायचे. आम्हा मुलांना ती आधी शाळेत दिसली. सोमवारी वर्गात असलेली मुलगी गुरुवारी नसायची. बाई हजेरी घेताना तिचं नाव घ्यायच्या, थांबायच्या, आणि पुढचं नाव घ्यायच्या. सुपरमार्केटच्या फळ्यावर सोफे, पाळणे, सायकली विकायच्या चिठ्ठ्या लागल्या. गाडीतून जाताना दिसणाऱ्या क्रेन रोज त्याच दिशेला तोंड करून असायच्या. आमच्या बिल्डिंगच्या मागे दोन गाड्या महिनोन्महिने उभ्या होत्या. त्यांच्यावर इतकी धूळ साचली की मुलांनी बोटाने चित्रं काढली, आणि त्यांचे मालक कुठल्या देशात गेले कोणालाच ठाऊक नव्हतं. घरात ‘परत’ हा शब्द बंद झाला. अमुक तमुक परत गेले, असं कोणी म्हणायचं नाही. आई देवळातून आली की म्हणायची, “प्रधान गेले.” बाबा म्हणायचे, “हो का.” बाबांनी गाणं मात्र सोडलं नाही. उलट त्या दिवसांत ते दारात जरा जास्तच मोठ्याने म्हणायचे.

मला परत जायचं नव्हतं. हे अगदी सरळ सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. ठाण्याला आमचा एक बंद फ्लॅट होता, सुट्टीत गेलं की त्याच्या फरशीवर आधी ओलं फडकं फिरवायचं आणि मग पाय ठेवायचा. तिथे मला सगळे ‘दुबईवाली’ म्हणायचे आणि माझ्या मराठीला हसायचे. माझ्या मैत्रिणी, माझी शाळा, माझी लायब्ररी, खाडीकाठी शनिवारी खाल्लेलं मक्याचं कणीस, हे सगळं बर दुबईत होतं. आई-बाबांपैकी कोणी तोंडाने ‘जायचं का’ असं विचारलं की दुसरं ‘हो’ म्हणेल आणि आपण संपलो, अशी माझी खात्री होती. म्हणून कोणी विचारू नये एवढीच माझी त्या वर्षीची प्रार्थना होती.

अशात एका गुरुवारी शाळा लवकर सुटली आणि बाबांनी मला गाडीत घेतलं. मोरी-सान पुढे, मी मागे. वाटेत बाबा ड्रॉइंगच्या प्रिंट आणायला एका दुकानात उतरले. गाडी चालू ठेवली होती, एसीसाठी, त्यामुळे कॅसेटही चालूच होती, आणि पाचवं गाणं लागलं. मी सहज विचारलं, “मोरी-सान, ‘काय रे का’ म्हणजे काय?” अर्थात इंग्रजीत. त्यांना इंग्रजीत बोलायचं तर शब्द एकेक करून खिशातून काढल्यासारखे काढावे लागत.

“इव्हनिंग,” ते म्हणाले. “टू फ्रेंड्स. ऑल डे प्ले. नाऊ, सन इज गोइंग. वन फ्रेंड से, काएरो का. शॅल वी गो होम?” मग मागे वळून त्यांनी बोट हलवलं. “नॉट ऑर्डर. ओन्ली आस्क. व्हेरी सॉफ्ट.”

घरी जायचं का? मला घाम फुटला, एसी सुरू असताना. म्हणजे बाबा रोज संध्याकाळी दारात उभे राहून हेच विचारत होते, आणि आम्ही दोघी रोज गात गात तेच त्यांना विचारत होतो. समोर दुकानाच्या काचेतून बाबा दिसत होते. प्रिंटची गुंडाळी काखेत मारून, दार खांद्याने ढकलत, ओठ हलत होते, गाणंच म्हणत असणार. ते गाडीत बसले आणि विचारलं, “काय गप्पा चालल्यात?” मोरी-सान काही बोलायच्या आत मी मराठीत म्हणाले, “अर्थ विचारला गाण्याचा. ते आपल्यासारखंच आहे बाबा. म्हणजे, लाइक, फ्रेंडला हाक मारतात ना, तसं.”

बाबांनी स्टिअरिंगवर थाप मारली. “बघ! मी म्हटलं नव्हतं? काय रे! सेम!” त्या संध्याकाळी त्यांनी वहीत त्या ओळीखाली लिहिलं, ‘अर्थ : काय रे, का? (हाक)’. आईला दाखवलं, दत्तारामला दाखवलं, दोन शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. माझ्या एका थापेने बाबांचा सिद्धांत सिद्ध झाला होता आणि ते इतके खूश होते की मला जेवण जाईना. त्यानंतरचे दीड-दोन महिने मी दारात त्यांचा आवाज आला की न्हाणीघरात जाऊन नळ सोडायचे. आईला वाटलं मला अपचन झालंय. तिने ओवा दिला.

आई म्हणते, आठवणी लिहायला बसायचं तुझं वय तरी झालंय का? खरं आहे, केसात पांढरं आत्ताच कुठे दिसायला लागलंय. पण माझी मुलगी परवा शाळेतून आली आणि मी तिला काही कारण नसताना चालीवर ‘काय रे, का’ म्हटलं, आणि ती म्हणाली, व्हॉट इज दॅट? तिला काय सांगायचं ते सुचेना म्हणून हे लिहायला घेतलं.

कंपनीने मोरी-सानांना जपानला बोलावून घेतलं. ते जायच्या आधीच्या शुक्रवारी बाबांनी त्यांना जेवायला बोलावलं. आईने आदल्या दिवसापासून तयारी केली होती. तळलेली सुरमई, भात, अळूवड्या, सोलकढी, श्रीखंड. साहेब खाली मांडी घालून बसले, आमच्यापैकी कोणापेक्षाही ताठ. सोलकढी त्यांनी वाटीभर घेतली, मग आणखी वाटीभर, आणि मग हे कशाचं ते दाखवा म्हणाले. आईने बरणीतून आमसूल काढून दिलं. त्यांनी ते तसंच तोंडात टाकलं, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. त्यांची आई शाळेच्या डब्यात पांढऱ्या भाताच्या मधोमध असंच एक आंबट फळ ठेवायची, एकच, असं त्यांनी सांगितलं. मी ते आईला मराठीत सांगितलं. आईने उठून बरणीतली निम्मी आमसुलं पिशवीत भरली आणि त्यांच्या चपलांशेजारी नेऊन ठेवली. दत्तारामने ते पाहिलं आणि मान डोलावली. आमसुलं त्याच्याच बायकोची होती.

श्रीखंड वाढून झाल्यावर बाबांनी वही काढली आणि उभे राहून पाचवं गाणं म्हटलं. बाबांचा गळा काही खास नव्हता, पण त्या दिवशी ते चांगलं गायले. ओळीअखेर दत्तारामने आणि आईने नेहमीच्या जागी ‘काय रे, का’ उचललं. मी ताटाकडे बघत होते. गाणं संपलं तसे बाबा साहेबांपुढे वाकले आणि वहीतली ती ओळ बोटाने दाखवत म्हणाले, “सर, सेम इन मराठी! काय रे, का! कॉलिंग फ्रेंड! माय डॉटर टोल्ड मी, यू टोल्ड हर!”

मोरी-सानांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला काय सांगितलं होतं ते त्यांना पक्कं आठवत होतं, हे मला त्या एका नजरेत कळलं. मग ते बाबांकडे वळून म्हणाले, “येस, सावंत-सान. सेम. सेम-सेम.”

त्यांनी मला पाठीशी घातलं नसतं तर मी गप्प बसले असते. आजही मला असंच वाटतं. पण एक परका माणूस, ज्याने आयुष्यात कधी चुकीचं माप पुढे जाऊ दिलं नाही, तो माझ्यासाठी माझ्या बापाशी खोटं बोलला, हे मला सहन झालं नाही. “बाबा, नाही,” मी म्हणाले आणि रडायलाच लागले. “हाक नाहीये ती. ‘घरी जायचं का’ असा अर्थ आहे. संध्याकाळ झाली, घरी जायचं का. मला माहीत होतं. मी खोटं सांगितलं.”

दत्तारामचा हात थांबला, श्रीखंड असून. बोलली ती आई. हातातला डाव खाली न ठेवता, बाबांकडे न बघता ती म्हणाली, “मग एकदा सरळ मराठीत विचारा की. किती दिवस जपानीत विचारणार आहात?”

तिला माहीत होतं तर. तिला गाण्याचा अर्थ माहीत नव्हता, पण बाकी सगळं माहीत होतं. बाबा खाली बसले. कंपनीचं इथलं काम बंद होत होतं, त्याचं पत्र त्यांच्या ड्रॉवरमध्ये दोन आठवडे पडून होतं. मोरी साहेबांनी त्यांच्यासाठी रुवैसला एका ठिकाणी शब्द टाकला होता, रिफायनरीकडच्या एका कामावर. “पण ते साडेतीन-चार तास लांब. आणि बॅचलर अकोमोडेशन. फॅमिली नाही. तुम्ही दोघी इथे, मी तिथे. नाहीतर मग...”

“नाहीतर मग काय?” आईने विचारलं.

“नाहीतर मग,” बाबा म्हणाले, “घरी जायचं का?”

दत्तारामने एक उसासा टाकला. “तुमी नशीबवान, सायब. तुमाला इचारतात तरी. आमच्याकडं फोरमन येतो नि म्हनतो, यल्ला, बॅग भर.” त्याची बॅग पुढच्या महिन्यात भरली जाणार होती, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्याला होतं.

आई म्हणाली, “माझं काय, मी कुठेही चार पोळ्या लाटीन. हिची शाळा आहे. हिला विचारा.”

बाबा माझ्याकडे वळले. त्यांनी विचारायचीही वाट न बघता मी म्हणाले, आणि इंग्रजीत म्हणाले, कारण मला खरं बोलायचं असलं की तेव्हा इंग्रजीच यायचं, “बट आय ॲम होम, बाबा.”

त्या सगळ्या बोलण्यातलं हे एकच वाक्य मोरी-सानांना समजलं. त्यांनी मान खाली घातली. बाबा हसले, आणि दोन्ही तळवे एकमेकांवर झाडून म्हणाले, “खलास. मग रुवैस.” आणि साहेबांना आग्रह करकरून आणखी श्रीखंड वाढलं.

पुढची दोन वर्षं कशी गेली ते लांबवण्यात अर्थ नाही. फ्लॅट सोडला, त्याच बिल्डिंगमध्ये एका गुजराती कुटुंबाकडे एक खोली घेतली. स्वयंपाकघर त्यांचं सकाळी आठपर्यंत आणि आमचं आठनंतर. त्यांना मासे चालत नव्हते, त्यामुळे तेही बंद. दत्ताराम गेला. आता गुहागरला टेंपो चालवतो आणि अजून दर उन्हाळ्यात आमसुलं पाठवतो. बाबा एक शुक्रवार सोडून एक शुक्रवार यायचे, यायचे आणि आधी चार तास झोपायचे. दारात बूट काढताना आता ते काही म्हणत नसत. हाक संपली. अर्थ कळल्यावर ती गंमत म्हणून कोणाच्या तोंडून बाहेर पडेना, आणि मनापासून म्हणायची हिंमत कोणाची नव्हती. ते मला नावाने हाक मारायला लागले, “मानसी.” इतकं परकं वाटायचं ते. माझ्या मैत्रिणींपैकीही निम्म्या एव्हाना निघून गेल्या होत्या. ज्यासाठी थांबले होते ते हळूहळू माझ्या हातून सुटत चाललं होतं, पण आपणच म्हटलंय म्हटल्यावर बोलायचं कोणाला?

अकरावीची परीक्षा संपली तेव्हा बाबा आम्हाला दोन दिवस रुवैसला घेऊन गेले. तिथल्या एका ओळखीच्या कुटुंबाकडे उतरलो. आईने त्यांच्या स्वयंपाकघरात बाबांसाठी आठवडाभराचं करून डबे भरले, आणि संध्याकाळी ते डबे खोलीतल्या फ्रिजमध्ये ठेवायला बाबा कॅम्पाशी थांबले. बायकांना आत जाता येत नव्हतं. गाडीत मी पुढे, आई मागे, तिचे डोळे मिटलेले. फाटकातून कामावरून आलेली माणसं बसमधून उतरून आत जात होती, एकामागून एक, हातात रिकामे डबे, कोणी कोणाशी बोलत नव्हतं. पलीकडे समुद्रावर ऊन उतरत होतं. घाम पुसायला कागद हवा म्हणून मी समोरचा कप्पा उघडला, आणि आत वही होती.

पाचव्या गाण्याचं पान आपोआपच उघडलं, इतकं ते हाताळलेलं होतं. ‘अर्थ : काय रे, का? (हाक)’ ही ओळ एका सरळ रेघेने खोडलेली. शेजारी त्रिकोण, त्रिकोणात एक. खाली लिहिलं होतं, ‘अर्थ : घरी जायचं का?’ आणि त्याच्याही खाली, ड्रॉइंगच्या कोपऱ्यात सूचना लिहितात तशा बारीक अक्षरात, ‘विचारू नये.’

दोन वर्षं. दर पंधरा दिवसांनी चार तास गाडी चालवत येणारा हा माणूस, आणि शेजारी कप्प्यात हे. मी ते पान धरून बसले आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशीची जागा मला आजही बोटाने दाखवता येईल, कागदाच्या कुठल्या कडेवर माझा अंगठा होता ती. बारावी त्याच शाळेत करायची, वर्गातल्या उरलेल्या चार जणींबरोबर, असं मी ठरवलं होतं. अजून एक वर्ष. माझं एक वर्ष बाकी होतं, म्हणून त्यांचंही होतं.

बाबा रिकामी पिशवी हलवत आले, गाडीत बसले. माझ्या मांडीवरची वही त्यांनी पाहिली. किल्लीला हात लावला, पण फिरवली नाही.

मी त्यांच्याकडे न बघता म्हणाले, चालीवर नाही, आणि आमच्यासारखं नाही, वहीत होतं तसं, मोरी-सानांनी म्हटलं होतं तसं हळू, “काएरो का?”

मागून आईचा आवाज आला. मला वाटलं होतं ती झोपलीय.

“चला,” ती म्हणाली. “मला कोणी विचारलंच नाही इतके दिवस.”

बाबांनी खिशातून पेन्सिल काढली. माझ्या मांडीवरच्या वहीवर वाकून त्यांनी ‘विचारू नये’वर एक रेघ मारली, पट्टी नसताना पट्टीने मारल्यासारखी. शेजारी त्रिकोण काढला, त्यात दोन लिहिलं. मग गाडी सुरू केली.